‘टेक इट ऑफलाइन’ म्हणजे लॉगआउट नव्हे: रोजच्या इंग्रजी वाक्प्रचारांशी जमवून घेताना

शाळेच्या व्याकरणाच्या पुस्तकात इंग्रजी वाक्प्रचारांची यादी असायची आणि तिच्यात ‘इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ हमखास असायचं. अर्थ पाठ, वाक्यात उपयोग पाठ, आणि पुढे नोकरीला लागल्यावर कळतं की हे वाक्य फारसं कुणी बोलतच नाही. त्यात नवल नाही. उच्चभ्रू मंडळींच्या घासून गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टर उडवायला ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ लिहिणाऱ्या जोनाथन स्विफ्टने 1738 साली एक संवादसंग्रह छापला, त्यातच ही कुत्री-मांजरं आहेत. म्हणजे तेव्हाही ते शिळंच होतं. आजचा लंडनवाला मुसळधार पावसाला ‘इट्स पोअरिंग’ म्हणेल, फार तर ‘इट्स चकिंग इट डाउन’.

उलट जे रोज कानावर आदळतं ते त्या यादीत नव्हतं. ‘लेट्स सर्कल बॅक’, ‘आय डोंट हॅव द बँडविड्थ’, ‘कॅन यू गिव्ह मी अ बॉलपार्क फिगर?’ शब्द सगळे ओळखीचे, पण वाक्य डोक्यावरून जातं. परदेशातल्या टीमबरोबर पहिल्यांदा कॉलवर बसणाऱ्यांसाठी आणि शिकायला बाहेर गेलेल्यांसाठी हा लेख आहे. आधीच सांगतो: समजायला पुष्कळ वाक्प्रचार लागतात, बोलायला मूठभर पुरतात. बहुतेक शिकवण्या नेमकं उलटं करतात, पहिल्याच दिवशी मुलांना वाक्यात उपयोग करायला लावतात.

पहिली पायरी: बोलण्यात न बसणारा शब्द पकडा

बजेटची चर्चा चालू आहे आणि मध्येच कुणी फळांबद्दल बोललं, किंवा प्रोजेक्टच्या गप्पांत शेगडी आली, तर तो वाक्प्रचार आहे असं समजा. तिथे शब्दाला शब्द लावत बसू नका. बोलणारा खूश आहे की वैतागलेला, काम पुढे न्यायचं म्हणतोय की थांबवायचं, एवढं आधी पकडा. अर्धा अर्थ सुरावरूनच कळतो.

ऑफिसात पहिल्या काही आठवड्यांत भेटतीलच असे काही:

- ‘लेट्स टेक धिस ऑफलाइन’: हा विषय सगळ्यांसमोर नको, आपण दोघं-तिघं नंतर बोलू. इंटरनेटशी संबंध नाही. ते नंतरचं बोलणंही बहुधा ऑनलाइनच होतं.
- ‘लो-हँगिंग फ्रूट’: हाताला सहज लागणारं काम, कमी कष्टात दिसणारा फायदा. मॅनेजर लोकांचा अतिशय लाडका.
- ‘पुट इट ऑन द बॅक बर्नर’: काम रद्द नाही, पण आत्ता नको. शेगडीच्या मागच्या बर्नरवर मंद आचेवर ठेवलेलं पातेलं.
- ‘हेड्स-अप’: आगाऊ सूचना. ‘जस्ट अ हेड्स-अप, द क्लायंट इज जॉइनिंग टुडे.’ म्हणजे सावध राहा.
- ‘ऑन द सेम पेज’: सगळ्यांची समजूत एकच आहे. कुठलंही पान उघडायचं नसतं.
- ‘बँडविड्थ’: वेळ आणि ताकद. ‘आय डोंट हॅव द बँडविड्थ’ म्हणजे माझ्या हातात आधीच कामं आहेत. नकाराचा सभ्य प्रकार.
- ‘कॉल इट अ डे’: आजचं काम इथेच थांबवू. हे ऐकून आनंद व्हायला हवा.

‘सर्कल बॅक’चं जरा वेगळं आहे. त्याचा अर्थ ‘नंतर परत या विषयाकडे येऊ’. पण कधी ते खरोखर येतात, कधी विषय तिथेच गाडला जातो. कोणतं होणार हे माणूस बघून ठरवावं लागतं. आपल्याकडच्या ‘बघू’सारखंच.

दुसरी पायरी: विचारा, पण अर्थ नव्हे, काम विचारा

‘व्हॉट डझ दॅट मीन?’ विचारण्यात कमीपणा काही नाही, पण दहा जणांच्या कॉलमध्ये ते जड जातं. त्यापेक्षा आपल्याला जे कळलं ते साध्या शब्दांत परत म्हणायचं: ‘जस्ट टु कन्फर्म, यू नीड अ रफ नंबर बाय फ्रायडे?’ समोरचा ‘येस’ म्हणाला की काम झालं, आणि चुकलं असेल तर तो स्वतःच सुधारतो. शिवाय तुम्ही लक्ष देऊन ऐकताय अशी छाप पडते ती वेगळीच.

जवळच्या वहीत, नाहीतर फोनवर, वाक्प्रचार लिहून ठेवा. फक्त अर्थ नको. कोण बोललं, कुणाशी बोललं आणि कशाबद्दल, हे सोबत हवं. टीममधली सुझन आपल्या साहेबाशी बोलताना एखादा शब्द वापरत नसेल आणि जेवणाच्या टेबलावर वापरत असेल, तर ती माहिती अर्थाइतकीच मोलाची.

शोधायचं असेल तर ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा विद्यार्थ्यांसाठीचा ऑनलाइन कोश बघा, दोन्ही फुकट आहेत. तिथे अर्थाच्या आधी बारीक अक्षरात ‘अनौपचारिक’, ‘ब्रिटिश’, ‘जुनाट’ अशा अर्थाचा इंग्रजी शेरा असतो. लोक तो वाचत नाहीत आणि तिथेच फसतात. उच्चार आणि सूर ऐकायचा असेल तर यूग्लिश नावाची साइट आहे: शब्द टाकला की खऱ्या व्हिडिओंमधली माणसं तो बोलताना दिसतात, आणि अमेरिकन की ब्रिटिश हेही निवडता येतं.

तिसरी पायरी: वाक्प्रचार कोणत्या मैदानावरून आला ते बघा

आपण क्रिकेटवाले. ब्रिटिशांचे खेळातले वाक्प्रचार आपल्याला घरचे वाटतात. ‘ऑन द बॅक फूट’ सांगावं लागत नाही, ‘बॅकफूटवर जाणे’ मराठी वर्तमानपत्रांत रोज असतं. ‘स्टिकी विकेट’ हा खेळपट्ट्या उघड्या असण्याच्या काळातला: रात्री पाऊस, सकाळी ऊन, की अर्धवट वाळलेल्या खेळपट्टीवर चेंडू काय करेल सांगता येत नसे. अडचणीच्या परिस्थितीला तो शब्द राहून गेला. ‘ऑफ हिज ओन बॅट’ म्हणजे कुणी न सांगता, स्वतःहून. हॅटट्रिक तर आपली झालीच आहे. 1858 साली शेफील्डला एच. एच. स्टीफन्सनने लागोपाठ तीन बळी घेतले, लोकांनी वर्गणी काढून त्याला टोपी दिली, तिथून ती चालत आली असं सांगतात.

पण इथेच एक खड्डा आहे. इंग्रज म्हणाला, ‘द न्यूज नॉक्ड मी फॉर सिक्स’, तर आपल्याला वाटतं गड्याने सिक्सर मारला. तसं नाही. त्या वाक्यात तो फलंदाज नसून चेंडू आहे. बातमीने त्याला पार हादरवलंय. अशा वेळी ‘कॉंग्रॅच्युलेशन्स’ म्हणालात तर पुढचं वर्ष तो तुम्हाला विसरणार नाही.

अमेरिकन माणसाशी बोलताना मैदान बदलतं. तिथे बेसबॉल, आणि आपल्यातल्या बहुतेकांनी त्याचा एक डावही पाहिलेला नसतो. म्हणून चारच गोष्टी ध्यानात घ्या. बॉलपार्क म्हणजे बेसबॉलचं मैदान. ‘बॉलपार्क फिगर’ म्हणजे ढोबळ आकडा, त्या मैदानाच्या आत कुठेतरी पडणारा. तिथे पैशापर्यंत अचूक हिशेब देऊ नका, ‘समव्हेअर बिट्वीन टेन अँड ट्वेल्व्ह’ पुरतं. खेळाडूला धाव घेताना बेसला, म्हणजे मैदानावरच्या ठरलेल्या टप्प्याला, स्पर्श करावा लागतो. ‘लेट्स टच बेस टुमॉरो’ म्हणजे उद्या दोन मिनिटं बोलू. ‘कर्व्हबॉल’ ही त्यांची गुगली, अनपेक्षित अडचण. आणि ‘हिट इट आउट ऑफ द पार्क’ ही निखळ शाबासकी, तिथे तुम्हीच फलंदाज.

‘रेन चेक’ थोडं थांबून समजून घेण्यासारखं आहे. पावसाने बेसबॉलचा सामना वाया गेला तर एकोणिसाव्या शतकापासून प्रेक्षकाला तिकिटाचा तुकडा दाखवून दुसऱ्या दिवशीचा सामना बघता यायचा. त्यामुळे जेवायला बोलावल्यावर समोरचा ‘कॅन आय टेक अ रेन चेक?’ म्हणाला तर खिडकीतून आभाळाकडे बघू नका. आज नको, पण पुन्हा कधीतरी नक्की, असं तो म्हणतोय. तुम्हालाही हा उपयोगी पडेल. नकार गोड करून द्यायला याच्याइतका चांगला वाक्प्रचार दुसरा क्वचितच.

चौथी पायरी: समुद्राच्या दोन बाजू

काही वाक्प्रचार अटलांटिकच्या दोन्ही काठांवर फक्त कपडे बदलतात. ऐकलेलं सगळं खरं मानू नका हे सांगताना इंग्रज चिमूटभर मीठ घेतो, अमेरिकन एक कण: ‘पिंच ऑफ सॉल्ट’ आणि ‘ग्रेन ऑफ सॉल्ट’. इंग्रजाचं वादळ चहाच्या कपात होतं, अमेरिकनाचं किटलीत. आपण ‘पेल्यातलं वादळ’ म्हणतो, यावरून आपण कुणाकडून उचललं ते उघड आहे. दृष्ट लागू नये म्हणून लंडनमध्ये ‘टच वुड’, न्यूयॉर्कमध्ये ‘नॉक ऑन वुड’. यातलं कुठलंही कुठेही बोललात तरी चालतं.

‘टेबल’चं मात्र चालत नाही. ब्रिटनमध्ये ‘टेबल धिस’ म्हणजे विषय चर्चेला घ्या; अमेरिकेत म्हणजे विषय बाजूला ठेवा. चर्चिल यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आठवणींत लिहिलंय की ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तातडीचा म्हणून एक कागद ‘टेबल’ करायचं म्हटलं, अमेरिकनांना वाटलं हे तो खणात टाकायला निघालेत, आणि दोघांनाही एकच गोष्ट हवी असूनही बराच वेळ कडाक्याचं भांडण झालं. आपल्या विधिमंडळात कागदपत्रं ‘पटलावर ठेवतात’ ती ब्रिटिश अर्थाने. त्यामुळे अमेरिकन क्लायंट ‘लेट्स टेबल इट’ म्हणाला की आपण उत्साहाने प्रेझेंटेशन उघडतो. उघडू नका.

‘क्वाइट गुड’ही असंच. अमेरिकनाने म्हटलं तर छान. इंग्रजाने म्हटलं तर बरं आहे, आणखी मेहनत घ्या. तोच इंग्रज ‘नॉट बॅड’ म्हणाला तर मात्र पेढे वाटायला हरकत नाही. आणि सकाळी सकाळी तो ‘यू ऑल राइट?’ विचारतो तेव्हा तुम्ही आजारी दिसत नसता. तो नमस्कार आहे. ‘यॅ, यू?’ एवढंच उत्तर द्यायचं.

पाचवी पायरी: मराठीसारखे दिसणारे तपासून घ्या

हा भाग कोणत्याही इंग्रजी पुस्तकात नसतो, कारण ती पुस्तकं मराठी माणसासाठी लिहिलेली नसतात. आणि मराठी माणूस सर्वांत जास्त इथेच घसरतो.

काही जोड्या अगदी सख्ख्या आहेत. ‘इट वेंट ओव्हर माय हेड’ म्हणजे डोक्यावरून गेलं. ‘बटर समवन अप’ म्हणजे लोणी लावणं. ‘आय गिव्ह यू माय वर्ड’ म्हणजे शब्द देतो. हे बिनधास्त वापरा. हिमनगाचं टोक, लाल फीत, मगरीचे अश्रू, चेंडू तुमच्या कोर्टात, हे तर आपण वर्तमानपत्रांतून इतके वाचलेत की त्यांचं इंग्रजी रूप ऐकताच ओळखू येईल.

आता फसवे.

‘पुलिंग माय लेग’ आणि पाय ओढणं. मराठीत पाय ओढणारा तुमचा घात करतो, बढती अडवतो. इंग्रजीत तो नुसती थट्टा करतो. ‘आर यू पुलिंग माय लेग?’ हा आरोप नसतो, ‘चेष्टा करतोस का माझी?’ एवढाच प्रश्न असतो. त्यावर सफाई देऊ नका.

‘कीप ॲन आय ऑन इट’ आणि डोळा ठेवणं. इंग्रजीत नुसतं लक्ष ठेवणं, काळजी घेणं. मराठीत कुणाच्या जमिनीवर डोळा ठेवला की भाऊबंदकी सुरू होते. त्या अर्थाला इंग्रजीत जवळचं ‘हॅव वन्स आय ऑन समथिंग’ आहे आणि तेही इतकं काळं नाही. दुकानातल्या एखाद्या सायकलवर ‘आय’ असू शकतो.

‘वॉश माय हँड्स ऑफ इट’ ऐकून वाहत्या गंगेत हात धुऊन घेणं आठवतं, किंवा हात धुऊन मागे लागणं. दोन्ही उलट्या दिशेची. इंग्रजी वाक्प्रचार बायबलमधला: येशूच्या शिक्षेची जबाबदारी नाकारताना पाँटियस पायलेट या रोमन सुभेदाराने लोकांसमोर हात धुतले, असं मॅथ्यूच्या शुभवर्तमानात आहे. मराठीत त्याला हात झटकणं.

‘कोल्ड फीट’ आणि हातपाय गार पडणं. आपले हातपाय भीतीने गार पडतात. ‘ही गॉट कोल्ड फीट’ मध्ये भीती असते, पण मुद्दा हा की ठरलेल्या गोष्टीतून त्याने ऐन वेळी माघार घेतली. लग्न, घरखरेदी, करारावरची सही इथे हा हमखास येतो.

आणि ‘डोन्ट ईट माय हेड’. हा इंग्रजी वाक्प्रचार नाहीच. डोकं फक्त आपल्याकडे खातात.

एक जोडी मला फार आवडते. ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे अगदी क्वचित. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या तर दुसरीला हल्ली ब्लू मून म्हणतात. चांद्रमास इंग्रजी महिन्यापेक्षा जरा लहान, म्हणून तसं 19 वर्षांत साधारण 7 वेळा होतं. आपला धोंड्याचा महिनाही 19 वर्षांत 7 वेळाच येतो, आणि याच फरकामुळे. 2023 मध्ये अधिक श्रावण होता आणि त्याच वर्षीची राखी पौर्णिमा ब्लू मून होती. म्हणून अर्थ लक्षात ठेवायला धोंड्याचा महिना उत्तम. फक्त ‘दुष्काळात तेरावा महिना’ याच्याशी गल्लत नको. त्यात संकट आहे, ब्लू मूनमध्ये काहीच नाही.

सहावी पायरी: साचा जसाच्या तसा

वाक्प्रचारात स्वतःची भर घालायची नसते. ‘पीस ऑफ केक’ (अगदी सोपं काम) याचा ‘स्लाइस’ केला की खरोखर केक मागितल्यासारखं होतं. ‘प्ले इट बाय इअर’ (वेळ येईल तसं ठरवू) मधला ‘इट’ गाळता येत नाही. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ नाहीत, म्हणून आपण तेच पहिले खातो: ‘ऑन द फेन्स’ (निर्णय न झालेला), ‘इन द पाइपलाइन’ (येऊ घातलेलं), ‘इन अ नटशेल’ (थोडक्यात) हे त्या टिकलीएवढ्या शब्दासकटच पाठ करा. काही साचे थोडे वाकतात, ‘माय लेग’चं ‘हिज लेग’ होतं. ‘स्पिल द बीन्स’ (गुपित फोडणं) याचं ‘द बीन्स वेअर स्पिल्ड’ चालतं. पण ‘किक द बकेट’ (मरणं) याचं ‘द बकेट वॉज किक्ड’ केलं तर फक्त बादली सांडते.

तोंडाने वापरायला सुरुवात करताना आधी चार-पाचच निवडा, तेही असे की चुकले तरी बिघडणार नाही: ‘हेड्स-अप’, ‘ऑन द सेम पेज’, ‘टच बेस’, ‘रेन चेक’, ‘कॉल इट अ डे’. एका वाक्यात दोन कधीच नकोत. लेखी कामात तर शक्यतो एकही नको. करार, तक्रार, अर्ज, डॉक्टरला लिहिलेली माहिती इथे साधं इंग्रजी लिहावं.

कुठे गप्प बसावं

मृत्यूची बातमी आली की ‘किक द बकेट’ कधीही नाही; तो विनोदी आहे, आपल्या ‘खपला’च्या जातीचा. वृद्ध माणूस समाधानाने गेला तर इंग्रज ‘ही हॅड अ गुड इनिंग्ज’ म्हणतात, जसं आपल्याकडे ‘सोनं झालं’ म्हणतात. पण तेही घरच्यांनी म्हणायचं असतं, आपण नव्हे. आपण ‘आय ॲम सो सॉरी फॉर युवर लॉस’ म्हणावं आणि थांबावं.

‘कॉल अ स्पेड अ स्पेड’ शाळेत शिकवतात, पण अमेरिकेत ‘स्पेड’ हा शब्द कृष्णवर्णीयांसाठी शिवी म्हणूनही वापरला गेला, त्यामुळे तिथे बरेच जण तो टाळतात. तुम्हीही टाळा.

वाक्प्रचारांच्या जन्मकथांचे फॉरवर्ड फिरत असतात, त्यांच्यावर विसंबू नका. ‘सेव्ह्ड बाय द बेल’ हा शवपेटीला बांधलेल्या घंटेवरून आला असं रंगवून सांगतात. तो मुष्टियुद्धातला आहे, फेरी संपल्याची घंटा. ‘रूल ऑफ थम’ बायकोला मारायच्या काठीच्या जाडीवरून आला ही कथाही खोटी.

शेवटची पायरी: आपलं त्यांना कळतं का?

‘डू द नीडफुल’ ब्रिटनमध्ये जवळपास मेला, आपल्याकडे सरकारी पत्रात जिवंत आहे. ‘आउट ऑफ स्टेशन’ ऐकून लोक रेल्वे शोधतात. ‘आय पास्ड आउट इन 2022’ म्हणजे आपण पदवीधर झालो, त्यांच्या कानी आपण बेशुद्ध पडलो. सगळ्यांत महाग पडतं ते ‘आय हॅव अ डाउट’. आपल्याला शंका विचारायची असते. त्यांना वाटतं याचा आपल्यावर विश्वास नाही. ‘आय हॅव अ क्वेश्चन’ म्हणा.

आणि वेळेच्या बाबतीत वाक्प्रचार नकोतच. ‘प्रीपोन’ भारताबाहेर फार कुणाला माहीत नाही. ‘मूव्ह द मीटिंग फॉरवर्ड’ म्हटलं तर कुणी अलीकडे समजतं, कुणी पलीकडे. ‘पुश बॅक’ म्हणजे मीटिंग पुढे ढकलणं, पण ‘पुश बॅक ऑन द प्रपोजल’ म्हणजे त्याला विरोध करणं. तेव्हा सरळ वार, तारीख आणि दोन्हीकडची वेळ लिहा. लंडनचा हिशेब करताना हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक धरायचा, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं पुढे सरकली की ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार.